आइसलँडची राखेची माती

खडक आपल्यासारखाच, काळा बेसॉल्ट. पण आइसलँडची माती ज्वालामुखीच्या राखेची. पाणी भरपूर धरते, चिकटपणा मात्र नाही; वरचं गवत गेलं की वाऱ्यानं उडते.

इ.स. 874 च्या सुमारास लोक वसले, तेव्हा तिथं बर्च झाडांची रानं होती. सरपण-कोळशासाठी ती तोडली, उरल्यावर मेंढरं चारली. मधूनच हेक्ला राख ओकायचा. उंच झाडोरा ती पचवायचा. चरून खुरटं झालेलं गवत गाडलं जायचं. रानंच्या रानं उघडी पडली.

1907 साली कायदा झाला. कुंपणं घालून, वाळूत रुजणारं गवत पेरून माती धरायला लागले. शंभर वर्षं झाली, काम अजून चालूच आहे.

राख डोंगरानं टाकली, माती उघडी माणसानं केली. आपलं गायरान एकदा बघून या.