रान तापू दे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांचा फोन आला, "टोबली सरकी." आमचं रान बीड जिल्ह्यात, कोरडवाहू. मी पुण्यात कोड लिहितो. चोवीस दिवसांनी पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. पहिल्या पावसावर उगवलेला कापूस उन्हानं करपला होता. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी. दुबार पेरणी. मग जुलैच्या शेवटी एका रात्रीत एवढा पाऊस झाला की रानात दोन दिवस पाणी उभं होतं. नंतर पीक पिवळं पडलं.

बियाणं, मजुरी, डिझेल हा सगळा खर्च मी एक्सेलमध्ये मांडला. सवयच तशी. पण त्या वर्षी युरियाही नेहमीपेक्षा जास्त लागला होता, आणि त्याचं कारण कुठल्याच रकान्यात बसेना. मातीतलं नत्र गेलं कुठं? ते शोधता शोधता मी शंभर वर्षं मागे गेलो.

1924 मध्ये लेबेद्यांत्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञानं 'सॉइल सायन्स' या नियतकालिकात एक उलटी वाटणारी गोष्ट मांडली: माती वाळणं हे तिची सुपीकता टिकवणाऱ्या नैसर्गिक कारणांपैकी एक आहे. पुढे केनियात, नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात एच. एफ. बर्च यांनी याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. माती वाळवायची, भिजवायची, काय बाहेर पडतं ते मोजायचं, पुन्हा वाळवायची. 1958 मध्ये त्यांचा लेख आला. कोरडी माती भिजली की पहिल्या काही दिवसांत तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो आणि पिकाला घेता येईल असं नत्र मोकळं होतं. माती जितके जास्त दिवस कोरडी, तितका हा लोट मोठा. याला आज 'बर्च इफेक्ट' म्हणतात.

हे वाचताना मला आजोबा आठवले. नांगरट झाली की ते म्हणायचे, "आता रान तापू दे." मला वाटायचं, तण आणि किडी मराव्यात म्हणून. तेही खरंच. पण चार महिने तापलेली जमीन आणखी एक तयारी करत होती.

होतं असं. कोरड्या मातीत जिवाणू तग धरतात ते पेशीत काही विशिष्ट संयुगं साठवून. अचानक पाणी आलं की ती संयुगं झटपट बाहेर टाकावी लागतात, नाहीतर पेशी फुटते. जे मरतात ते उरलेल्यांचं जेवण होतात. ढेकळं विरघळतात, आत अडकलेला सेंद्रिय माल उघडा पडतो. या जेवणावळीतून उरलेलं नत्र पिकाच्या वाट्याला येतं.

उरतं का, हे प्रमाणावर ठरतं. 2007 मध्ये क्लीव्हलँड आणि लिप्टझिन यांनी जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या. मातीत कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचं सरासरी प्रमाण निघालं 186:13:1, जिवाणूंच्या शरीरात 60:7:1. म्हणजे जिवाणूंना नत्राची भूक मोठी. जेवणात नत्र भरपूर असेल तर जास्तीचं ते सोडतात, कमी असेल तर मातीतलंच ओढून घेतात.

आता आमचं ते वर्ष पाहा. पहिल्या पावसानं उन्हाळाभराच्या तापल्या रानातलं नत्र मोकळं केलं. ते घेणारी मुळं चोवीस दिवसांत मेली. स्फुरद मुळांपर्यंत पोचतं ते मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून, त्यामुळे खंड पडला की त्याचीही वाट बंद. मग मोठा पाऊस आला. काही नत्र खाली झिरपलं, आणि पाणी साचलेल्या, हवा संपलेल्या मातीत काही जिवाणूंनी त्याचा वायू करून आकाशात सोडलं. पिवळेपणाला मुळांचा कोंडलेला श्वासही कारण होता, पण भांडवल गेलं ते असं. दुसरी पेरणी झाली तेव्हा मातीही पुन्हा भिजली, मात्र चोवीस दिवसांचा कोरडेपणा म्हणजे चार महिन्यांचा उन्हाळा नव्हे. बियाणं दुकानातून दुसऱ्यांदा आणता येतं. पहिला पाऊस दुसऱ्यांदा आणता येत नाही.

2013 मध्ये जगातल्या कोरड्या प्रदेशांतल्या 224 ठिकाणच्या मातीचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. कोरडेपणा वाढतो तसं कार्बन आणि नत्र घटतं, खडकातून येणारं स्फुरद मात्र वाढतं. जिवंत गोष्टींकडून येणारं आणि दगडाकडून येणारं यांची जोडी तुटते. आपल्याकडे भर पडते ती पुराची. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकूण पाऊस घटला, पण मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

पुण्याजवळ मांजरीला 1923 मध्ये ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू केलं, पुढे ते कानिटकरांनी वाढवलं. बांध घाला, शेणखत द्या, कोळपत राहा, असा त्यांचा सल्ला. मी रोज ऑफिसला जाताना मांजरीवरूनच जातो, आणि हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीत अण्णांना म्हटलं, यंदा पऱ्हाटी जाळू नका, बारीक करून रानातच गाडू. कार्बन वाढला की माती पाणीही धरेल आणि नत्रही जपून सोडेल. पण पऱ्हाटीत नत्र कमी, म्हणून सुरुवातीला जिवाणूच मातीतलं नत्र खातील, हेही सांगितलं.

"म्हणजे आधी त्यांना जेवू घालायचं?"

"हो."

"अन् तोवर कापसाला काय घालू?"

मी दोन गोण्या युरियाचे पैसे पाठवले. अण्णांनी अर्धा एकर दिला आहे. बाकीची पऱ्हाटी फेब्रुवारीत जळाली.