प्रायॉन रोगाच्या निदानात ईईजी

क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग, म्हणजेच सीजेडी, हा माणसात सर्वाधिक आढळणारा प्रायॉन रोग. प्रायॉन रोगांत मेंदूतील एक प्रथिन चुकीची घडी घेते, शेजारच्या प्रथिनांनाही तीच घडी लावते आणि चेतापेशी मरत जातात. स्मृती झपाट्याने ओसरते, अंगाला झटके येतात आणि बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात. क्रॉइट्झफेल्ट यांनी १९२० मध्ये आणि याकोब यांनी १९२१ मध्ये अशा रुग्णांची वर्णने केली, पण खात्री पटे ती शवविच्छेदनानंतरच.

जिवंत रुग्णातील खूण हाती आली ती वेगळ्याच शोधामुळे. येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले; मेंदूच्या लहरींचा हा आलेख म्हणजेच ईईजी. १९५४ मध्ये जोन्स आणि नेव्हिन यांनी या रोगातील ईईजीचे बदल नोंदवले. साधारण सेकंदाला एक, ठेका धरल्यासारखी येणारी टोकदार लहर पुढे सीजेडीची ओळख ठरली. भारतात सतीशचंद्र आणि शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला.

ही खूण मात्र अचूक नाही. ती बहुधा काही आठवड्यांनी उमटते आणि सर्व रुग्णांत दिसत नाही. २००४ च्या जर्मन अभ्यासात ती ६४ टक्के सीजेडी रुग्णांत आढळली, तर इतर आजारांच्या सुमारे ९ टक्के रुग्णांतही दिसली. यकृत निकामी होणे किंवा लिथियमची विषबाधा यांतही तशाच लहरी उमटू शकतात. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या, गोमांसाशी निगडित प्रकारात तर हा ठेका सहसा नसतोच. त्यामुळे पाठीच्या पाण्यातील प्रथिनांची तपासणी, एमआरआय आणि अलीकडे चुकीच्या घडीचे प्रथिन हुडकणारी आरटी-क्विक चाचणी यांची जोड मिळत गेली.

जगभरात दर दहा लाखांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण आढळतात. उदाहरणार्थ, २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३.२२ लाख होती. त्या हिशेबाने तिथेही वर्षाला एक-दोन रुग्ण संभवतात. नव्या चाचण्या हाताशी नसतील तर अशा जिल्ह्यात ईईजीचे मोल अजून टिकून आहे. तिला सुई लागत नाही, ती खाटेजवळ काढता येते आणि पुन्हा पुन्हा काढून बदल ताडता येतो. शिवाय बाहेरून न दिसणारे अपस्माराचे झटकेही तिच्यात पकडले जातात. सीजेडीवर इलाज नाही, त्या झटक्यांवर आहे.