माशाची ऊ: आकड्यांपासून चकत्यांपर्यंत

सीताबर्डीहून आणलेल्या गोल्डफिशवर चपटा, पारदर्शक ठिपका सरकताना दिसला, तर तो बहुधा आर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. नाव उवेचं, नातं मात्र झिंगे-खेकड्यांशी. लिनिअसने 1758 साली तिची नोंद केली. 1806 मध्ये जिनिव्हाच्या लुई ज्युरिनने तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला.

तिची वाढ बघण्यासारखी आहे. पिल्लू माशाला आकड्यांनी धरतं. कात टाकता टाकता त्याच अवयवांच्या चूषक चकत्या होतात. पण खरी गोम पुढेच. मादी अंडी माशावर घालतच नाही. मासा सोडून ती दगडावर, काचेवर चिकटवते. पाणी कोमट असेल तर ती लवकर फुटतात, आणि नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे! म्हणून मासा साफ केला की झालं, असं समजू नका. टाकीची काचही घासा.