कापरेकर संख्यांचे मूळ

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते, पण विद्यापीठाची नोकरी काही मिळाली नाही. त्यांच्या कामावर ‘आकड्यांची करमणूक’ असा शिक्का बसला, आणि त्यांनी शोधलेल्या ६१७४ या जगप्रसिद्ध संख्येमुळे तो पुसला जाण्याऐवजी आणखी गडद झाला. माझ्या मते त्यांची मोठी देणगी ६१७४ नव्हेच. ती आहे ‘कापरेकर संख्या’, आणि तिचा पाया शाळेतल्या मूळ अवयवांत आहे.

४५ चा वर्ग २०२५; त्याचे २० आणि २५ असे तुकडे पाडून बेरीज केली की पुन्हा ४५. अशी संख्या म्हणजे कापरेकर संख्या. ही किमया वाटते, पण २०२५ मधून ४५ वजा करून पाहा. उरतात १९८०, म्हणजे एकीकडे ४५ गुणिले ४४ आणि दुसरीकडे ९९ गुणिले २०. आता ९९ चे अवयव ३, ३ आणि ११. लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक मूळ अवयव नसतो, त्यामुळे दोन्ही ३ एकाच बाजूला जायला हवेत. ९ गेला ४५ कडे, ११ गेला ४४ कडे. वाटणी उलटी केली की ५५ आणि ५४ मिळतात. ५५ चा वर्ग ३०२५, बेरीज पुन्हा ५५. सगळे अवयव एकाच संख्येला दिले की ९९. १ सोडला तर उजवा तुकडा दोन अंकी ठेवून चौथी वाटणीच संभवत नाही. उजवा तुकडा तीन अंकी घेतला की ९९ च्या जागी ९९९ येतो, म्हणजे २७ गुणिले ३७. त्यातून २९७ आणि ७०३ निघतात. ९९९९९९ ला ३, ७, ११, १३ आणि ३७ असे पाच वेगवेगळे मूळ अवयव आहेत आणि प्रत्येकाला दोनच बाजू, म्हणून तिथे १ धरून नेमक्या ३२ संख्या सापडतात.

अवयवांच्या वाटणीचे हे प्रमेय पूर्णपणे मांडले ते गणितज्ञ डग्लस इयानुची यांनी, २००० साली. कापरेकर १९८६ मध्येच वारले होते. तेव्हा श्रेय मास्तरांना कसे द्यायचे, असे कोणी विचारील. सिद्धतेचे श्रेय इयानुचींचेच. पण या संख्या वेगळ्या काढून त्यांचा एक वर्ग मानणे, त्या चिकाटीने शोधत राहणे, हे काम देवळालीत झाले, आणि त्याशिवाय सिद्ध करायला काही उरलेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये ८७१२ आणि ९८०१ या संख्यांच्या अशाच अंकगमतीला गणितज्ञाच्या दृष्टीने क्षुल्लक ठरवले होते. दहा हा पाया माणसाच्या बोटांनी ठरवला, त्यावर उभे राहिलेले सत्य कितीसे खोल असणार? ६१७४ पुरता हा आक्षेप मला मान्य आहे. कापरेकर संख्यांना तो लागू पडत नाही, कारण पाया बदलला तरी अवयवांच्या वाटणीचा नियम तोच राहतो. द्विमान पद्धतीत तर युक्लिडच्या काळापासून अभ्यासलेल्या सम परिपूर्ण संख्या, म्हणजे ६, २८, ४९६, याच नियमात येतात. सहा म्हणजे ११०, त्याचा वर्ग १००१००. त्याचे १० आणि ०१०० असे तुकडे पाडले की दोन अधिक चार, पुन्हा सहा.