स्वमग्नता

मेंदूच्या विकासातील, बालपणापासून असणारी व आयुष्यभर सोबत राहणारी भिन्नता. ऑटिझम या नावानेही परिचित. नावाने हाक मारली तरी मूल वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणते, रोजचा क्रम मोडला की कासावीस होते. काहींना कुकरची शिट्टीही सोसवत नाही. दोन स्वमग्न मुले मात्र क्वचितच एकसारखी असतात: एक अजिबात बोलत नाही, दुसरे रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ सांगते.

१९४३ मध्ये बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. वस्तू गरगर फिरवण्यात तो रमे आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणे. लहानपणी त्याला संस्थेत ठेवले होते. आईवडिलांनी त्याला घरी परत आणले आणि गावाने सांभाळून घेतले. मोठेपणी ट्रिपलेट पदवीधर झाले, त्यांनी बँकेत नोकरी केली, एकट्याने देशोदेशी प्रवास केला. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, हा समज मात्र पाश्चात्त्य वैद्यकात दीर्घकाळ टिकला. हा मातांवरचा घोर अन्याय होता. १९७७ मध्ये फोलस्टाइन व रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय घेणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला, लसीमुळे स्वमग्नता होत नाही.

अॅस्पर्गर लक्षणसमूह २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात स्वमग्नतेतच मोजला जातो. रेट विकार वेगळा: तो बहुतांशी मुलींना होतो, त्यात हातांचा शिकलेला वापर आणि शब्द हरवतात. अतिचंचलता, अपस्मार किंवा बौद्धिक अक्षमता स्वमग्नतेसोबत असू शकते.

निदानासाठी रक्ततपासणी नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे यांवरच ते ठरते. ऐकू येते का, हेही तपासतात. स्वमग्नतेवर औषध नाही, पण वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि पालकांचे प्रशिक्षण लवकर सुरू झाल्यास मुलाला मोठी मदत होते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असा दिलासा घरोघरी दिला जातो. तो ऐकून थांबू नये. शंका येताच मुलाला बालविकासतज्ज्ञांकडे न्यावे.