गोळा झालेला स्नायू

भाग सुरू करण्याआधी एकदा मूठ घट्ट आवळा. स्नायूने जोर लावला, पण तो हाडावरून सुटला नाही. का नाही सुटला? या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याला एका माशीने दिलंय, तेही अंड्यातच मेलेल्या.

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं माहितीयत ना? तीच फळमाशी. १९६० साली थिओडोर राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिच्या एका जनुकीय दोषाबद्दल लिहिलं. गर्भ वाढायचा, स्नायूही तयार व्हायचे. पण ते पहिल्यांदा आकुंचन पावले की टोकं सुटायची आणि स्नायूचा गोल गोळा व्हायचा. अळी बाहेर यायचीच नाही. या दोषाचं नाव 'मायोस्फेरॉइड', म्हणजे स्नायूचा गोळा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नावावरच अडकलो. दोरी ठीक होती हो, खुंटी नव्हती! पण खुंटी कशाची, हे तेव्हा शोधता येत नव्हतं.

१९८१ मध्ये केंब्रिजला मायकल विल्कॉक्स आणि सहकारी वेगळंच शोधत होते. अळीच्या अंगात भावी पंखाची एक चकती असते. अँटिबॉडी वापरल्यावर त्यांना दिसलं की चकतीच्या वरच्या भागावर एक प्रथिन जास्त आहे, खालच्या भागावर दुसरं. त्यांनी नाव दिलं 'स्थानविशिष्ट' प्रथिनं.

तिसरा धागा कोंबडीचा. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड हाइन्स यांच्या गटाने पेशीच्या आवरणातून आरपार जाणारं एक प्रथिन ओळखलं. बाहेरून ते आजूबाजूच्या जाळीला धरतं, आतून पेशीच्या सांगाड्याला. नाव ठेवलं इंटेग्रिन.

आणि मग धागे जुळले. १९८७ मध्ये कळलं, विल्कॉक्सची प्रथिनं इंटेग्रिनच आहेत. १९८८ मध्ये राइटचं जनुक वाचलं गेलं. तेही इंटेग्रिनच्याच एका भागाचं! ते नसेल तर माशीच्या पंखाचे दोन थर सुटतात आणि पंख पुरीसारखा फुगतो.

हे फक्त माशीचं नाही बरं का. आपल्या रक्तातल्या प्लेटलेट्स याच कुटुंबातल्या प्रथिनाने एकमेकींना धरतात. त्यात दोष असलेल्यांचं रक्त लवकर थांबत नाही. स्विस डॉक्टर ग्लान्झमान यांनी १९१८ मध्येच हा आजार नोंदवला होता. कारण मात्र कित्येक दशकांनी कळलं.

राइटच्या गोळ्यांना उत्तर मिळायला २८ वर्षं लागली. पण मेलेल्या अंड्यात नेमकं काय बिघडलं, हे त्यांनी नीट लिहून ठेवलं होतं. म्हणून तर उत्तर आल्यावर ओळखता आलं.

आता मूठ सोडा. भेटू पुढच्या भागात!