मास्तरांनो, कादंबरी लिहा!

नोकरी सांभाळून लिहायचं कधी, असं जुन्नर-आंबेगावातले आपले शिक्षक कार्यकर्ते विचारतात. त्यांनी शरणकुमार लिंबाळे यांच्याकडे पाहावं. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्राध्यापकी. 1984 साली 'अक्करमाशी' आली. पुढे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून त्यांनी आपल्या साहित्याला आपली मोजपट्टी दिली. 'सनातन' या कादंबरीला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. यातलं बरंचसं लेखन नोकरी सांभाळूनच झालं. प्रेरणा एकच, आंबेडकरी विचार.

'सनातन'ने प्रस्थापितांनी गाळलेला इतिहास कादंबरीत आणला. असा इतिहास आपल्या तालुक्यातही आहे. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी 1880 च्या दशकात ब्राह्मणाशिवाय लग्न लावलं. ग्रामजोशी हक्कासाठी कोर्टात गेले. महात्मा फुले पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. शिवजन्मामुळे जुन्नर सगळ्यांना माहीत आहे. हा सत्यशोधक लढा किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

वर्गात रोज मुलांसमोर उभा राहणाराच हे काम करू शकतो. कोणाला काय शिकवलं जात नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळतं? म्हणून वेळ नाही ही सबब पुरे. आपण लिहिलं नाही, तर आपला इतिहास दुसरेच लिहितील, त्यांना हवा तसा.

जय ज्योती, जय भीम!